सरावाचा बाप

कोरगाव, पेडणे
दसऱ्यानंतरचा सोमवार

ती. दत्तारामभावोजी यांच्या पायांवर शिवदासने डोके ठेवले आहे असे समजून आशीर्वाद द्यावा. (प्रत्यक्ष आलो असतो तर ठेवलेच असते, पण कंबर धरली आहे. वाकलेला माणूस उठेपर्यंत तुम्हाला आशीर्वादाचा हात धरून उभे राहावे लागले असते, आणि तुमच्या गुडघ्याला ते मानवणारे नाही.)

इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक. तिकडे मयेला तुमचा गुडघा, ताईची साखर आणि कुळागरातल्या माडांवरची माकडे ताब्यात असतील अशी आशा करतो. खाण बंद झाल्यापासून अंगणात उभ्या असलेल्या तुमच्या ट्रकवर चढवलेला भोपळ्याचा वेल यंदा टपापर्यंत गेला, असे ताई सांगत होती. वाहन चालत नसले तरी काहीतरी वाहते आहे हे चांगले. संदीप आणि सूनबाई पल्लवीला आशीर्वाद. नातू साईशला गोड पापा. तो नव्या शाळेत रमला असेल. मी फोनवर विचारले तेव्हा तुम्ही "रमला" म्हणालात आणि त्याच दमात सुपारीच्या भावावर गेलात, तेव्हा रमलाच असेल.

हाताशी फोन असताना हा मनुष्य पत्र का लिहितो, असे तुम्ही ताईला विचाराल. त्याला कारण आहे आणि ते शेवटी सांगतो. आधी एवढेच सांगतो, की गेल्या पंधरवड्यात मला इतके धक्के बसले आहेत, की सोसायटीत रेशनचे तांदूळ मोजताना हात थांबतो आणि लोक "शिवदासबाब, तब्येत बरी मरे?" असे विचारतात.

आमची गौरवी मानसशास्त्रात एम. ए. झाली तेव्हा तुम्ही पेढे खाल्ले होते. त्यानंतर ती म्हापशाच्या एका संस्थेत वर्षभराच्या शिक्षणाला लागली हेही तुम्हाला ठाऊक आहे, पण ते शिक्षण कशाचे हे तुम्हाला मी कधी सांगितले नाही, कारण मलाच कळले नव्हते. गावात तर "वेड्यांची डाक्टर" एवढ्यावरच सगळे थांबले होते. (शेजारची काकू नातवाला घेऊन आली आणि म्हणाली, "गो बाय, ह्याका जेव म्हूण सांग." गौरवी म्हणाली, मी जेव म्हणून सांगत नाही, तो का जेवत नाही ते विचारते. काकू म्हणाली, मग तुझा उपयोग काय.) तर ते शिक्षण असे आहे. घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी, असे मूल शाळेत मागे पडले किंवा गप्प झाले, तर त्याला आणि त्याच्या आईबापाला त्यांच्या स्वतःच्या भाषेत विचारणारे माणूस शाळेत हवे. नाहीतर मुलाला अर्धेच तपासले जाते. एका भाषेत मूल तपासणे म्हणजे काजूचे बोंड बघून आतली बी सांगण्यासारखे आहे. बी बाहेरच लोंबत असते, पण आपण बघतो बोंडाकडे. हे बोंडाचे माझे आहे, बाकी गौरवीचे.

या शिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाला एका खऱ्या कुटुंबाशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलून दाखवावे लागते. त्यांच्या मुख्य बाई समोर बसून ऐकतात. ते झाले नाही तर वर्ष फुकट. दिवाळीच्या आत गौरवीला कुटुंब मिळायला हवे, आणि पेडण्यात कुटुंब मिळणे कठीण. नारळ मिळेल, काजू मिळतील, मांद्र्याला रशियन बोलणारा रिक्षावाला मिळेल, पण "आमच्या पोराला अडचण आहे" असे परक्यासमोर म्हणणारे घर मिळणार नाही. म्हणून आधी सराव हवा, आणि सराव म्हटला की घरचीच माणसे. माझ्या धक्क्यांची सुरुवात तिथून झाली.

एका रात्री जेवताना तिने विचारले, बाबा, आपल्या घरात भाषा किती? मी म्हटले, एक, मराठी. माझे शिक्षण गावच्या मराठी शाळेतले, आरत्या मराठी, पेपर मराठी, हे पत्रही मराठी. ती हसली नाही (हसायचे नसते, तसे शिकवतात) आणि मला दिवसभराचे माझेच बोलणे ऐकवू लागली. आरती मराठीत, शालिनीशी नवराबायकोचे भांडण मालवणीत, पाववाल्या पोदेराशी कोंकणीत, बँकेतल्या नव्या साहेबाशी हिंदीत. सकाळी कदेलावर बसून मेजावर पाव ठेवून जनेलातून बाहेर बघत मी चहा पितो, म्हणजे खुर्चीपासून खिडकीपर्यंत शब्द फिरंग्यांचे, न्याहारीपुरते आम्ही पोर्तुगीज. आणि वासराशी जे बोलतो ते तर माझ्या आईचे बोलणे, जे आता घरात दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही. भावोजी, मी पन्नाशीला आलो. इतकी वर्षे मी एका माणसाचे जगणे जगतो अशी माझी समजूत होती.

मग तिने विचारले, घरात राग कुणाला कोणत्या भाषेत येतो? शालिनी म्हणाली, मला मालवणीत. मी म्हटले, मी मराठीत गप्प बसतो. हे तिने लिहून घेतले.

दुसरा धक्का त्याहून मोठा. त्यांना असे शिकवतात, की प्रश्न विचारायचा आणि मग थांबायचे. समोरचा गप्प राहिला तर आपण बोलून ती जागा भरायची नाही, नुसते मायेने बघत राहायचे. हे ऐकायला सोपे वाटते. गौरवीने आईला विचारले, "आवय, तुका कसलो हुस्को आसा?" म्हणजे तुला काळजी कसली, आणि बघत राहिली. शालिनीने भात वाढला, आमटी वाढली, पाण्याचा तांब्या सरकवला. गौरवी बघतच राहिली. शेवटी शालिनी म्हणाली, "काय बघतंस गो माज्या तोंडाक?" तरी ही बघतेच आहे. मग शालिनीने डाव खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकले, की ज्या मिस्कुटाची मी पाहुण्यांसमोर इतकी वर्षे स्तुती करतो, आंब्याचे लोणचे करावे तर आमच्या हिने असे म्हणतो, ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिचे बिघडले, तेव्हा बाजारातून आणले, मी स्तुती केली आणि मग मागे फिरता आले नाही. माझा घास हातातच राहिला. (तुम्हीही त्या लोणच्याची बरणी दोनदा मयेला नेली आहे. ताईला सांगू नये, किंवा सांगावे, ते तुमच्यावर सोडतो.) त्याच दमात शालिनीने दुसरीही एक गोष्ट सांगितली, पण ती घरात बसून लिहिण्यासारखी नाही.

तिसऱ्या धक्क्याला मी स्वतः चालत गेलो. संस्थेत सरावासाठी खोटे आईबाप लागतात. एक ठरलेला बाप आला नाही, तेव्हा गौरवी म्हणाली, "बाबा, तुमी येयात." मी धुतलेला सदरा घालून, रजा टाकून गेलो. संस्था एका जुन्या ख्रिस्ती घरात आहे, लाकडी माडी, शिंपल्यांच्या खिडक्या. मला एक कागद दिला. त्यात लिहिले होते, की मी ओंकार नावाच्या आठ वर्षांच्या मुलाचा बाप. ओंकार वाचत नाही, मुलांना मारतो, अंथरूण ओले करतो, आणि मी रोज दारू पितो. एवढे सगळे मला माझ्या तोंडाने सांगायचे होते. माझ्यासमोर गौरवीबरोबर शिकणारा गौरेश नावाचा एक सासष्टीचा मुलगा बसला. पोरगा गुणी, पण मराठी पुस्तकातून शिकलेला.

तो म्हणाला, "आपल्या पुत्राच्या वर्तनाविषयी आपणास काही चिंता वाटते काय?"

मी म्हटले, "देवाची कृपा आहे."

"त्याच्या अध्ययनाविषयी काय सांगाल?"

"उत्तम. दृष्ट लागेल असे."

"रात्री त्याची झोप कशी असते?"

"कोरडी," मी म्हटले, कारण कागदावरचे आठवत होते.

तो थांबला आणि मायेने बघत राहिला. मीही मायेने बघत राहिलो. आमच्या दोघांचे असे बराच वेळ चालले. शेवटी त्याने लिहिले, वडील वास्तव स्वीकारत नाहीत, आणि गौरवीने मागच्या बाकावर दोन्ही हातांनी तोंड झाकले.

भावोजी, माझी अडचण तुम्हाला सांगायला नको. आमच्या आजीने ताईला आणि मला काय शिकवले? घरात वाईट बोलू नये. वास्तुपुरुष वर बसून सारखे "तथास्तु" म्हणत असतो. तो चांगल्यालाही म्हणतो आणि वाईटालाही म्हणतो, त्याला निवड नाही. पोराला वाचन येत नाही म्हटले आणि वरून तथास्तु झाले, तर ते कुठल्या ओंकारला लागेल कोण सांगणार? जगात ओंकार पुष्कळ आहेत. हे घर ख्रिस्ती मालकाचे, तेव्हा इथल्या वास्तुपुरुषाला मराठी कळत नसावे, असा एक विचार मनात आला होता. पण जिथे येणाऱ्याजाणाऱ्याला दोनदोन भाषा शिकवतात, तिथल्या वास्तूला एकच येत असेल यावर विसंबणे मला धोक्याचे वाटले.

त्यांच्या मुख्य बाई म्हणजे पद्मावतीबाई. केस पांढरे, आवाज मऊ. त्यांनी मला बाजूला बसवून विचारले, "शिवदासबाब, तुम्ही जत्रेतल्या नाटकात दरवर्षी राजा होता ना? गौरवी सांगत होती. तुमचे राज्य जाते, मुलगा मरतो, तुम्ही रडता. तिथे कसे चालते?" मी म्हटले, बाई, तिथे आधी नारळ ठेवतो, गाऱ्हाणे घालतो. देवाला सांगतो, की आता जे होईल तो खेळ आहे. मग मुलगा मेला तरी खरा मरत नाही. (शालिनी समोर बसून खाजे खात असते. तिला काही वाटत नाही, ते त्या नारळामुळे.) तुमच्या इथे कुणी नारळ ठेवला नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "मग उद्या ठेवूया. माझी चूक झाली. आम्ही घराच्या भाषेत विचारायला शिकवतो, पण घरातून परवानगी कशी घेतात ते शिकवलेच नाही."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कुळागरातला नारळ, विडा आणि केसांत माळायचा अबोलीचा वळेसर घेऊन गेलो. त्या जुन्या माडीवर, पंख्याखाली, मी गाऱ्हाणे घातले. बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज हंयसर जी काय तुजी लेकरां खोट्या पोरांची खोटी दुखणी सांगतली, तो खेळ म्हूण मानून घे, कोणाच्या पोराक तेचो दोष लावू नको, आणि ह्या शिकणाऱ्या पोरांचो अभ्यास पार पाड रे म्हाराजा. संस्थेचा शिपाई डिचोलीचा. तो मागून "व्हय म्हाराजा" म्हणाला. दुसऱ्या वेळी गौरेश म्हणाला. तिसऱ्या वेळी सगळेच म्हणाले. त्यात एक मुलगी मेघालयाची होती, तिचा आवाज सर्वांत मोठा. आता तिथे रोज सकाळी सराव सुरू होण्यापूर्वी गाऱ्हाणे असते असे ऐकतो. नारळ मी पाठवतो.

आणि मग मी बोललो. चौथा धक्का तो, आणि मी अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. गौरेशने विचारले, ओंकारविषयी सांगा, आणि या वेळी तो "आपल्या पुत्राच्या" म्हणाला नाही. मी तोंड उघडले. कागदावर मारामारी करणारा मुलगा होता, माझ्या तोंडातून भलताच मुलगा बाहेर येऊ लागला. थांबता येईना. त्या मुलाविषयी मी काय सांगितले ते इथे लिहीत नाही, कारण मी हे घरात, देवघराशेजारी बसून लिहितो आहे. बोलून झाल्यावर गौरेशने काहीच लिहिले नाही. शिपाई डोळे पुसत पाणी घेऊन आला.

परतीच्या बसमध्ये गौरवी माझ्या शेजारी बसली. कोरगावच्या वळणावर म्हणाली, "बाबा, तो ओंकार आमगेर चवथीक आयिल्लो न्हय?"

मी खिडकीतून शेतांकडे बघत राहिलो. मराठीत गप्प बसलो.

असो. पत्र लांबले. तुमच्या गुडघ्याला तिळाचे तेल कोमट करून लावावे, ताईला गोड कमी द्यावे, आणि थोरांनी धाकट्यावर ठेवावी तशी माया ठेवावी.

तुमचा मेव्हणा,
शिवदास

ता. क. एक विनंती राहिली. गौरवीला दिवाळीच्या आत एक खरे कुटुंब हवे आहे हे वर लिहिलेच आहे. शुक्रवारी तुम्ही सुपारी घेऊन म्हापशाच्या बाजाराला येताच. येताना संदीप, पल्लवी आणि साईशला घेऊन यावे. संस्थेत तासभर बसायचे, चहा प्यायचा, चार प्रश्नांना उत्तरे द्यायची. भाचीच्या वर्षाचा प्रश्न आहे. तुमचे काही नाही, उपकार आमच्यावर.

दुसरा ता. क. हे म्हापशाच्या बसस्टँडवर बसून लिहितो आहे. वर पत्रा आहे, भिंती नाहीत, सोबत एक कुत्रा आणि केळी विकणारी बाई. इथे वास्तुपुरुष राहत नसावा, राहिला तरी त्याला या गोंगाटात काही ऐकू येणार नाही. तेव्हा खरे लिहितो. पहिल्या ता. क. मधले खोटे आहे, आणि त्यासाठी नारळही ठेवला नव्हता. गौरवीला मांद्र्याचे एक कोळ्याचे कुटुंब कालच मिळाले. शिवाय नात्यातले माणूस तपासायला त्यांच्यात मनाई आहे.

शालिनीने त्या रात्री सांगितलेली दुसरी गोष्ट अशी. गणपतीत, चवथीला, तुम्ही सगळे आमच्याकडे आला होता, तेव्हा पल्लवी मागीलदारी भांडी घासताना रडली. साईश जूनपासून शाळेत एक अक्षर बोललेला नाही. दिवाळीनंतर त्याला दुसरीकडे न्या, तो आमच्या शाळेत बसणारा नाही, असे शाळेने सांगितले आहे. हे तुम्हाला सांगायची पल्लवीची हिंमत नाही. पण भावोजी, तुम्ही फोनवर ज्या वेगाने सुपारीवर गेलात, त्यावरून तुम्हालाही ठाऊक आहे. ताईलाही असणार. तुमच्या घरात चार मोठी माणसे आहेत आणि वास्तूला तथास्तु म्हणायची संधी मिळू नये म्हणून चौघेही गप्प आहेत. पल्लवीवर रागावू नका. मीही असाच गप्प होतो. नारळ ठेवून खेळ म्हटल्यावर माझ्या तोंडून जे निघाले, ते तुमच्या नातवाचे होते.

गौरवीने चवथीला पाहिलेले तेवढे लिहितो. आरती झाल्यावर सगळे जेवायला गेले, तेव्हा साईश एकटाच गणपतीवरच्या माटोळीखाली उभा होता. वर टांगलेल्या एकेका फळाला तो नाव घेऊन हाक मारत होता, अगदी हळू. आधी आईच्या मालवणीत, मग कोंकणीत, मग कानडीत, जी तो संदीप बळ्ळारीच्या खाणीवर असताना तिथल्या गल्लीत शिकला. इंग्रजीत त्याला एकही फळ येत नव्हते. शाळेने त्याला इंग्रजीतच तपासले. पद्मावतीबाई म्हणतात, नव्या भाषेत टाकलेले मूल कधी कधी महिनोन् महिने नुसते ऐकत बसते, त्याचा अर्थ ते रिकामे आहे असा होत नाही. तरी मुलाला प्रत्यक्ष बघितल्याशिवाय त्या ठाम काहीच म्हणत नाहीत. त्यांच्याकडे बेळगावची एक मुलगी शिकते आहे, तिला कानडी आणि आपली बोली दोन्ही येतात. शुक्रवारी तुम्ही याच, तीच साईशशी बोलेल. गौरवी बाहेर बसेल, मी नारळ घेऊन येईन.

तिसरा ता. क. फोन का केला नाही ते सांगायचे राहिले. फोनवर बोललो असतो तर वास्तुपुरुषाने ऐकले असते, इकडच्यानेही आणि तिकडच्यानेही. त्याला ऐकू येते असे आजी सांगायची. वाचता येते असे ती कधी म्हणाली नाही. तरीही हे पत्र ताईला घरात मोठ्याने वाचून दाखवू नका. अंगणातल्या ट्रकमध्ये बसून वाचा, ते घर नव्हे. वेलाची पाने बाजूला केली की दार उघडते, असे ताई म्हणाली. संध्याकाळी साईश तिथेच स्टिअरिंग धरून बसलेला असतो आणि मागे कुणी नसताना कानडीत "हिंदे, हिंदे" करत ट्रक मागे घेत असतो, हेही तीच म्हणाली. तो बोलत असला तर हाक मारू नका. गुडघा सांभाळून क्लीनरच्या जागेवर चढा, आणि थांबा.